सणांची नावं : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चऱ्होलीत एकाच मजल्यावर एक भाडेकरू बिहारचा, समोरचा कलबुर्गीचा आणि घरमालक गावातलाच, असं सर्रास दिसतं. चाकणच्या कारखान्यांत सुट्ट्यांची यादी लागली की ‘हा सण तुमचा, तो आमचा’ सुरू होतं. त्या वादातले काही ठरलेले गैरसमज असे.

गैरसमज : छठ हा शब्द आपल्याला परका.
वस्तुस्थिती : छठ म्हणजे षष्ठी. मोशीच्या इंद्रायणी घाटावर सुपात ऊस, ठेकुआ मांडून, पाण्यात उभं राहून मावळत्या सूर्याला अर्घ्य देतात, ती तिथी कार्तिक शुद्ध षष्ठी. मराठीत षष्ठीची ‘सट’ झाली. जेजुरीच्या चंपाषष्ठीला जुनी माणसं चंपासट म्हणतात. बाळाच्या सहाव्या रात्री पुजतात ती सटवाईही याच शब्दातली.

गैरसमज : उगादी वेगळी, गुढीपाडवा वेगळा.
वस्तुस्थिती : दिवस एकच, चैत्र शुद्ध प्रतिपदा. मराठीनं तिथी धरली आणि प्रतिपदेचा पाडवा केला. म्हणून तर दिवाळीतही पाडवा येतो. कन्नड-तेलुगूनं अर्थ धरला : युगाचा आदि, तो उगादी.

गैरसमज : आळंदीची कार्तिकी सगळ्यांच्याच कार्तिकात येते.
वस्तुस्थिती : ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये समाधी घेतली ती कार्तिक वद्य त्रयोदशीला. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. त्यामुळे आपल्या कार्तिकाचा वद्य पक्ष तिकडे मार्गशीर्षात, म्हणजे ‘अगहन’मध्ये मोजतात. शुद्ध पक्षात मात्र महिने जुळतात, म्हणून छठेला दोघांचाही कार्तिकच असतो.

गैरसमज : नाताळ हे नाव इंग्रजांनी आणलं.
वस्तुस्थिती : ते पोर्तुगीजांकडून आलं. त्यांच्या भाषेतल्या ‘नाताल’चं मूळ जन्म या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. गोवा त्यांनी 1510 मध्ये घेतलं, वसई 1534 मध्ये. इंग्रजांचा अंमल इकडे पुष्कळ नंतरचा.

गैरसमज : संक्रांत वर्षातून एकदाच आणि त्या दिवसापासून दिनमान वाढतं.
वस्तुस्थिती : सूर्याचं एका राशीतून दुसरीत जाणं म्हणजे संक्रांत, त्यामुळे वर्षात 12 येतात. तिळगूळ मकरेच्या वाट्याला आला, एवढंच. दिनमान तर 22 डिसेंबरच्या सुमारासच वाढू लागतं. थायलंडचं एप्रिलमधलं नववर्ष ‘सोंगक्रान’ हे मेष संक्रांतीचंच नाव.

तेव्हा यादीत अनोळखी नाव दिसलं तर ‘कुणाचा सण?’ विचारण्याआधी ‘तिथी कोणती?’ विचारावं. निम्मा वाद तिथंच मिटतो.