संख्यांना नावं देणारे गुरुजी

मुलांनो, २० ही संख्या कोणत्या प्रकारची? ‘सम!’ असं तुम्ही लगेच म्हणाल. बरोबर. तिला २, ४, ५, १० यांनीही भाग जातो, म्हणून ती संयुक्त संख्याही आहे. पण २० ची ओळख एवढ्यावर संपत नाही, बरं का!

नाशिकजवळ देवळालीला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे गुरुजी होते. जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी शाळेत शिकवलं. आकड्यांशी खेळता खेळता त्यांनी संख्यांचे नवेच प्रकार शोधले.

हर्षद संख्या : संख्येतल्या अंकांची बेरीज करा. त्या बेरजेनं मूळच्या संख्येला पूर्ण भाग गेला, की ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी! २० मध्ये २ + ० = २. २० ला २ ने भाग जातो. म्हणून २० हर्षद. २५ मात्र नाही. २५ ला ७ ने भाग जात नाही.

स्वयंभू संख्या : १५ मध्ये तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ + १ + ५ = २१. म्हणजे १५ पासून २१ जन्मली. पण २० अशी कशापासूनच जन्मत नाही. १ ते १९ सगळ्या संख्या तपासून पाहा. म्हणून २० स्वयंभू!

कापरेकर संख्या : ४५ × ४५ = २०२५. आता २० + २५ करा. पुन्हा ४५ हजर!

सुरुवातीला गणितज्ञांनी गुरुजींच्या कामाची फारशी दखल घेतली नाही. गुरुजींनी मात्र खेळ सोडला नाही. १९७५ साली अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिलं आणि देवळालीच्या गुरुजींचं नाव जगभर पोचलं.

आमच्या ताडकळसकडं पुष्कळ आईबाबा म्हणतात, “गुरुजी, आमच्या पोराच्या डोक्यात गणित काही शिरत नाही.” पालकांनो, वर काय लागलं? बेरीज, गुणाकार, भागाकार. एवढं तर चौथीच्या मुलाला येतं! चूक झाली तर रागावू नका. पाटी पुसा, पुन्हा मांडू द्या.

आणि मुलांनो, आज आपापला हजेरी नंबर तपासा. सम की विषम? मूळ की संयुक्त? हर्षद? स्वयंभू? एकाच नंबराला किती नावं मिळतात, ते मोजा.

जाता जाता एक कोडं : ३० ते ५० मध्ये दोनच स्वयंभू संख्या आहेत. कोणत्या?

(उत्तर : ३१ आणि ४२)