पट्ट्याला तारीख, साखळीला तेल

आजरा तालुक्यात दारात चारचाकी असण्याचं आता कुणाला नवल वाटत नाही. त्यातल्या बऱ्याच गाड्या सेकंडहँड, मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांकडून किंवा ओळखीच्या एजंटामार्फत आलेल्या. व्यवहार ठरवताना टायर बघितले जातात, एसी लावून बघितला जातो, मीटरचा आकडा दोनदा वाचला जातो. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. आणि इंजिन निकामी करायचं म्हटलं तर त्या एका पट्ट्याइतकं सोपं काही नाही.

इंजिनात खाली क्रँक असतो, तो पिस्टनला जोडलेला. वरचा कॅम व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकचे 2 फेरे झाले की कॅमचा 1 व्हायलाच हवा, म्हणून कॅमच्या चक्राला दुप्पट दात असतात. क्रँक मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो. पिस्टन वर पोचायच्या आत व्हॉल्व्हने वाट मोकळी केलेली असावी लागते. ही वेळ सांभाळायला दातेरी रबरी पट्टा असतो, नाहीतर पोलादी साखळी. डिझेल इंजिनात हवा फार दाबावी लागते, त्यामुळे पिस्टन आणि हेड यांच्यामध्ये जागा जेमतेम. तिथं पट्टा तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. मग हेड उतरवा, वाकलेले व्हॉल्व्ह बदला, आणि नशीब खोटं असेल तर पिस्टनही.

साखळी दोघांत जुनी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीत तीच होती. रबरी पट्टा मोटारीत पहिल्यांदा आला 1962 साली, जर्मनीच्या ग्लास 1004 या गाडीत. स्वस्त, हलका, आवाज नाही, तेल लागत नाही, म्हणून तो भराभर पसरला. आपल्याकडे 1983 च्या मारुती 800 मध्ये पट्टा, 1998 साली पुण्यात तयार झालेल्या डिझेल इंडिकात पट्टा, पहिल्या डिझेल इनोव्हातही पट्टाच. इनोव्हात तर बदलायची वेळ झाली की डॅशबोर्डवर दिवा लागतो. पुढं स्विफ्ट डिझेलसारख्या गाड्यांत गेलेलं फियाटचं 1.3 मल्टिजेट आणि मारुतीची के-सीरिज साखळी घेऊन आली. पण डिझेल डस्टरला पट्टाच राहिला. इकोस्पोर्टच्या 1 लिटर पेट्रोल इंजिनात तर तेलात बुडून चालणारा पट्टा आहे. त्यात चुकीचं तेल पडलं की रबर झिजून त्याचा चुरा तेलाच्या जाळीत अडकतो. गाडी नवी म्हणजे साखळीच, असं धरून चालू नये. मॅन्युअल उघडून बघावं.

पट्ट्याचं आयुष्य कंपन्या दोन मापांत देतात: किलोमीटर आणि वर्षं, जे आधी भरेल ते. आपल्याकडे फसगत होते ती इथंच. आजरा ते गडहिंग्लज वीसेक किलोमीटर. आठवड्याचा बाजार, दवाखाना, लग्नकार्य धरून एखादी गाडी वर्षाला 6,000 किलोमीटर फिरली, तर 60,000 व्हायला 10 वर्षं लागतात. रबर तेवढी वाट बघत नाही. इंजिनाच्या उष्णतेनं ते कडक होतं, दातांच्या मुळाशी बारीक चिरा पडतात, क्रँकच्या सीलमधून झिरपलेलं तेल लागलं तर लवकर फुगतं. शिवाय गळीत हंगामात गवश्याच्या साखर कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरात रांगते. इंजिनाचे फेरे होतच राहतात, मीटर मात्र जागचं फारसं हलत नाही. साधारण 60,000 ते 1,00,000 किलोमीटर किंवा 4 ते 6 वर्षं हा बऱ्याच गाड्यांचा हिशेब. नेमका आकडा आपल्या मॅन्युअलचा. आणि सेकंडहँड गाडीची पावती हातात नसेल, तर पट्टा बदललेलाच नाही असं समजावं.

काम नाजूक असतं. मिस्त्री पुढचं उजवं चाक काढतो, इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन जॅक लावतो, इंजिनाचं फाउंडेशन (माउंटिंग) सोडतो, मग क्रँकची पुली आणि कव्हर. आत क्रँक आणि कॅमच्या चक्रांवर खुणा असतात. त्या जुळवल्याशिवाय जुन्या पट्ट्याला हात लावायचा नाही. नवा पट्टा दुमडायचा नाही, पिळायचा नाही, स्क्रू-ड्रायव्हरनं ढकलून बसवायचा नाही. चढवून, त्याला ताण देणारा टेन्शनर लावला की पाना घेऊन क्रँक हातानं पूर्ण 2 फेरे फिरवायचा आणि खुणा पुन्हा बघायच्या. फेऱ्यात कुठं अडलं तर जोर न लावता तिथंच थांबायचं, कारण तो पिस्टन व्हॉल्व्हला टेकलेला असू शकतो. टेन्शनर आणि पट्ट्याला वाट देणाऱ्या आयडलरची बेअरिंगं त्याच वेळी बदलावीत. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही. पट्टा नवा आणि बेअरिंग जुनं ठेवलं, तर बेअरिंग जाम होऊन नवा पट्टाही जातो. मजुरी दोन्ही कामांची एकच, त्यामुळं इथं केलेली काटकसर अंगलट येते.

साखळीला सहसा अशी तारीख नसते, म्हणून ती कायमची असते असा समज पसरलाय. तिच्या पिना आणि बुश झिजतात, आणि साखळी लांबते. तिला ताणून धरणारा टेन्शनर बहुतेक गाड्यांत तेलाच्या दाबावर चालतो. तेल कमी किंवा काळं घट्ट झालेलं असलं की सकाळी गाडी चालू करताना इंजिनाच्या बाजूनं दोन-तीन सेकंद खडखड येते. ती पुढं रोजची झाली तर साखळी, टेन्शनर, गाइड सगळंच बदलावं लागतं. खेडोपाडी ट्रॅक्टरच्या डब्यातलं उरलेलं तेल कारमध्ये ओतायची पद्धत आहे. साखळीच्या गाडीला ती फार महागात पडते. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच तेल, ठरल्या मुदतीत, आणि महिन्यातून एकदा डिपस्टिक ओढून बघणं, एवढंच साखळी मागते.

पट्टा तुटताना बहुधा सूचना देत नाही. आंबोलीच्या घाटात, धो धो पावसात इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेक एक-दोनदा दाबल्यावर कडक होतो. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा सोडू नये. एकदाच दाबून धरत गाडी कडेला घ्यावी, हँडब्रेक ओढावा, चाकाला दगड लावावा. मग स्टार्टर एकदाच मारून ऐकावं. नेहमीचा दम लागल्यासारखा आवाज न येता इंजिन हलकं भिरभिरलं, तर टायमिंग सुटलंय असं समजावं. पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, आणि उतारावर सोडून गियरात टाकायची तर मुळीच नाही. व्हॉल्व्ह वाचले असतील तर ते त्या धक्क्यानं वाकतात. अशी गाडी टोइंगनंच गॅरेजला न्यावी.

दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो, लिंबू बांधतो. त्याच दिवशी बॉनेट उघडून आतल्या बाजूला एक स्टिकर लावावा: पट्टा बदलल्याची तारीख, तेव्हाचं मीटर, पुढची मुदत. साखळीची गाडी असेल तर तेल बदलल्याची तारीख. गाडी पुढं विकायची झाली, तर घेणाऱ्याला दाखवायला याहून चांगला पुरावा नाही.