गवंड्यावाचून बांधकाम

झाशीच्या जुन्या शहरकोटाच्या वेशींपैकी एकीचे नाव खंडेराव गेट. गवंड्याने दगडावर दगड रचला नसता, तर अशी वेस उभी राहिली नसती. आणि १८५८ च्या वेढ्यात तोफांनी झाशीच्या तटाला पाडलेले खिंडार आपोआप बुजणारे नव्हते. परंतु त्याच वेशीच्या आत, धुण्याच्या बादलीत, गवंड्यावाचून बांधकाम नित्य चालू असते.

साबणाच्या रेणूचे एक टोक जलस्नेही, तर कार्बनची लांब शेपटी जलविरोधी असते. पाण्यात साबण थोडा असेल तोवर हे रेणू सुटे राहतात. त्यांचे प्रमाण एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, की शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशा रीतीने ते एकत्र येतात. शेपट्या आत दडल्या म्हणजे त्यांच्याभोवती जखडलेले पाण्याचे रेणू मोकळे होतात. या जुळणीचे मुख्य कारण हेच. अशा पुंजक्यास ‘मिसेल’ म्हणतात. सोडियम लॉरिल सल्फेट या परिचित प्रक्षालकाची मर्यादा दर लिटरला सुमारे २.३ ग्रॅम आहे. त्याच्या एका मिसेलमध्ये साठाच्या आसपास रेणू असतात. कपड्यावरील तेलकट मळ या गोळ्यांच्या पोटात शिरतो व पाण्याबरोबर निघून जातो.

हा पुंजका डोळ्यांना दिसत नाही. तो तर्काने हेरावा लागला. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जेम्स मॅकबेन साबणाच्या द्रावणांचे मोजमाप करीत होते. एका मोजमापावरून द्रावणात कण फार थोडे आहेत असे दिसे. विद्युत्संवाहकता मात्र भरपूर आढळे. विद्युत्भारित रेणूच गटागटाने वावरत असतील, तर दोन्ही गोष्टी जुळतात, असे त्यांनी १९१३ मध्ये मांडले. प्रारंभी ही कल्पना अनेकांना पटली नाही. पुढे ती सर्वमान्य झाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी झाले, आणि तिचे पहिले संचालक होते हेच मॅकबेन.

आता रसायनशास्त्रज्ञ असे रेणू स्वतः घडवितात. त्यांपैकी एका जातीस दंड-वेटोळे रेणू म्हणता येईल. त्याचा एक भाग बेंझिनची वलये सरळ रेषेत जोडून केलेला ताठ दंड असतो. दुसरा भाग पॉलिएथिलीन ऑक्साइडसारखी लवचीक, जलस्नेही साखळी. काडेपेटीतील काड्यांप्रमाणे दंड शेजारी शेजारी बसू पाहतात, तर साखळ्यांना पसरण्यास जागा हवी असते. साखळी आखूड असेल तर सपाट थर होतात. ती लांबविली की थर वाकून नळकांडी बनतात, आणि आणखी लांबविली की गोळे. १९९७ मध्ये अमेरिकेतील सॅम्युएल स्टप व त्यांच्या सहकाऱ्यांनी या जातीच्या रेणूंपासून अळंबीच्या आकाराचे पुंजके मिळविले. या रचनांचे माप काही नॅनोमीटर, म्हणजे मीटरचे काही अब्जांश, एवढेच असते.

अशा पुंजक्यात पाण्यात न विरघळणारे औषध साठविता येते. अडचण एकच: रेणूंना धरून ठेवणारी बले दुबळी असल्याने, रक्तात मिसळून प्रमाण मर्यादेखाली गेले की पुंजका विस्कटू लागतो. मात्र या दुबळेपणातच त्याचे वैशिष्ट्यही आहे. पडलेली वेस पुन्हा बांधण्यास गवंडीच लागतो. विस्कटलेला मिसेल, रेणूंचे प्रमाण पूर्ववत होताच, आपला आपण उभा राहतो. त्याचा आराखडा रेणूच्या घडणीतच असतो.