गालावरचा पांढरा डाग

हिवाळा सुरू झाला की मराठवाड्यातील कितीतरी वर्गांत दोन-चार मुलांच्या गालांवर फिकट, पांढुरके डाग दिसू लागतात. घरी त्याची कारणे ठरलेली असतात : पोटात जंत झाले, कॅल्शियम कमी पडले, दूध आणि मासे एकत्र खाल्ले. एखादा पालक मात्र भलतीच शंका घेऊन शाळेत येतो आणि आपल्या मुलाची जागा बदलून मागतो. अशा वेळी शिक्षकांनी काय करावे? रोगाचे निदान करणे हे डॉक्टरांचे काम. परंतु कोणता डाग थांबून पाहण्यासारखा आहे आणि कोणता लगेच दाखवायला हवा, एवढे आपल्याला नक्कीच शिकता येते.

प्रथम डाग पांढरा का दिसतो ते पाहू. आपल्या त्वचेच्या बाह्यस्तराच्या तळाशी रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवतात आणि शेजारच्या पेशींना पुरवतात. रंगद्रव्य कमी बनले, किंवा ते शेजारच्या पेशींत कमी पोचले, तर त्वचा फिकट होते. रंगपेशीच नाहीशा झाल्या तर ती दुधासारखी पांढरी होते. म्हणून डाग 'फिकट' आहे की 'पांढराशुभ्र', हा आपला पहिला प्रश्न.

गालावरच्या फिकट डागांपैकी बहुतेक डाग 'पिटिरियासिस अल्बा' या प्रकारचे असतात. साधारण ३ ते १६ वर्षांच्या मुलांत ते आढळतात. कडा अस्पष्ट असतात, वर बारीक कोंडा दिसतो. कोरड्या त्वचेच्या मुलांना हा त्रास अधिक. जंतांशी किंवा कॅल्शियमशी याचा संबंध सिद्ध झालेला नाही. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन नियमित लावावे, साबण बेताने वापरावा. उन्हात भोवतालची त्वचा रापते आणि डाग अधिक उठून दिसतो, म्हणून टोपी किंवा रुमाल वापरावा. डाग काही महिन्यांत, क्वचित वर्ष-दोन वर्षांत, आपोआप जातात.

मान, छाती व पाठीवर लहान ठिपके असतील आणि नखाने हलके खरवडल्यावर कोंडा निघत असेल, तर ते बहुधा 'शिबे' असते. मॅलसेझिया ही यीस्ट प्रत्येकाच्याच त्वचेवर असते; घाम आणि दमट हवेत ती वाढते व मेलॅनिन बनण्यात अडथळा आणते. बुरशीनाशक मलमाने ती बरी होते, पण रंग परतायला काही महिने लागतात. तेवढ्यावरून औषध निकामी ठरवू नये.

दुधासारखा पांढरा, स्पष्ट कडांचा डाग, कधी त्यावरचे केसही पांढरे, हे कोडाचे लक्षण. शरीराची प्रतिकारयंत्रणाच येथे रंगपेशींवर हल्ला करते. कोड स्पर्शाने पसरत नाही आणि दूध-मासे खाल्ल्याने होत नाही. उपचार लवकर सुरू केल्यास फायदा अधिक.

आता ज्या डागाची खरी काळजी घ्यायची तो कुष्ठरोगाचा. तो फिकट किंवा लालसर असतो, पांढराशुभ्र कधीच नसतो. तो खाजत नाही, दुखत नाही, आणि धोका नेमका येथेच आहे. १८७३ मध्ये हॅन्सन यांनी शोधलेला याचा जंतू त्वचेतील चेतातंतूंच्या आवरणात राहतो. त्यामुळे डागावर स्पर्श कळेनासा होतो, घाम येत नाही, केस विरळ होतात. तपासणीची रीत सोपी आहे. कापसाची बारीक वात घ्यावी. आधी मुलाला डोळे उघडे ठेवून खेळ समजावून द्यावा. मग डोळे मिटायला सांगून कधी चांगल्या त्वचेवर, कधी डागावर हलका स्पर्श करावा आणि मुलाने ती जागा बोटाने दाखवावी. हे वर्गासमोर कधीही करू नये. चेहऱ्यावर चेतातंतू दाट असल्याने तेथील डागावर स्पर्श कळूही शकतो, तेव्हा 'कळले' म्हणून निश्चिंत होऊ नये.

महाराष्ट्राला हा रोग परका नाही. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले, तेव्हा परिणामकारक औषधच नव्हते. १९५१ मध्ये वर्ध्यालाच गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले आणि डॉ. वारदेकरांनी रुग्ण येण्याची वाट न पाहता गावोगाव जाऊन पाहणी, शिक्षण व उपचार यांची पद्धत बसवली. भारताने डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले. तरीही २०२३ मध्ये देशात एक लाखाहून अधिक नवे रुग्ण सापडले, आणि त्यांत मुलेही होती.

बहुऔषधोपचार सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतो आणि ६ किंवा १२ महिन्यांत पुरा होतो. उपचार सुरू होताच संसर्गाची शक्यता झपाट्याने घटते. मुलाला शाळेतून काढण्याचे किंवा वेगळे बसवण्याचे काहीच कारण उरत नाही. बहुतेक माणसांत या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्तीही असते. उशीर झाला मात्र, तर चेतातंतूंची झालेली हानी औषधाने भरून येतेच असे नाही.

आणखी एक इशारा. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेल्या अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. त्याने डाग तात्पुरता दबतो, त्वचा पातळ होते, बुरशी फोफावते आणि स्टेरॉइडमुळे नवा फिकट डागही पडतो. २०१८ मध्ये अशी चौदा स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई झाली. पालकांना हे जरूर सांगावे.

तेव्हा डागावर स्पर्श कळत नसेल, डाग पांढराशुभ्र असेल, तो पसरत असेल किंवा दोन-तीन महिने तेल लावूनही तसाच असेल, तर मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात, शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातील त्वचारोग विभागात दाखवावे. पालकांना बाजूला घेऊन सांगावे, आणि मुलाची बाकावरची जागा आहे तीच ठेवावी.