फुटलेला चेंबर

जुनी मोटरसायकल पुन्हा उभी करताना पिस्टन, बेअरिंग, ऑइल सील, क्लच प्लेटा असे बहुतेक भाग बदलता येतात. परंतु क्रँक आणि गिअर यांना पोटात घेणारी ओतीव अॅल्युमिनियमची पेटी, जिला गॅरेजच्या भाषेत चेंबर म्हणतात, ती फुटली असेल तर प्रश्न निराळा होतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून बनवलेल्या जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने विकलेल्या गाड्या हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, त्यामुळे नवा चेंबर मिळण्याची आशा जवळजवळ नाहीच, आणि पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा एखाद्या भंगारवाल्याकडे दुसऱ्या इंजिनाचा अर्धा चेंबर सापडला तरी तो बसेलच असे नाही, कारण चेंबरचे दोन्ही अर्धे भाग एकमेकांची जोडी म्हणून कातलेले असतात. शिवाय इंजिनाचा क्रमांक चेंबरवरच ठोकलेला असतो, म्हणजे चेंबर बदलला की नोंदणीपुस्तकातली गाडी आणि दारातली गाडी यांचा मेळ सुटतो. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना केंद्र सरकारने २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ असा दर्जा दिल्यापासून तर या मेळाला अधिकच महत्त्व आले आहे. म्हणून फुटलेला चेंबर शक्य असेल तोवर सांधावा, बदलू नये, हेच धोरण योग्य ठरते.

भेग कुठे आहे यावर तिचे गांभीर्य ठरते. जावाचे इंजिन टू-स्ट्रोक आहे. त्यात पिस्टन वर जाताना पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँकच्या कप्प्यात ओढले जाते आणि पिस्टन खाली येताना तेथेच दाबले जाऊन सिलिंडरमध्ये चढते. या कप्प्याला केसाएवढी भेग असली तरी बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणातले पेट्रोलचे प्रमाण घटते, इंजिन वाजवीपेक्षा तापते आणि अखेर पिस्टन जाम होतो. मालक मात्र कार्ब्युरेटर खोलत बसतो. गिअरच्या कप्प्याला पडलेली भेग त्या मानाने प्रामाणिक असते, कारण ती जमिनीवर तेलाचा डाग पाडून स्वतःची जागा सांगते. गिअरच्या कप्प्याची भिंत फुटण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे तुटलेली साखळी. ती पुढच्या दातेरी चाकाभोवती गोळा होते आणि चाक व चेंबर यांच्या अरुंद फटीत अडकून भिंत बाहेर ढकलते.

अॅल्युमिनियम सांधणे अवघड का, याचे उत्तर त्याच्या पृष्ठभागावर आहे. हवेचा स्पर्श होताच या धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते, पण हा थर वितळायला दोन हजार अंशांहून अधिक उष्णता लागते, म्हणजे आतला धातू पाण्यासारखा झाला तरी वरची साय तशीच राहते आणि दोन कडा एकजीव होत नाहीत. त्यातून हा धातू तापताना लोखंडासारखा लाल होत नाही. आत्तापर्यंत घट्ट दिसणारा कोपरा अचानक ढासळून खाली पडतो. ज्याला आपल्याकडे सरसकट ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात, त्या पद्धतीत टंगस्टनच्या सुईतून उलटसुलट दिशेने वाहणारा विद्युतप्रवाह वापरतात. प्रवाहाच्या एका फेरीत ऑक्साइडची साय फुटते, दुसऱ्या फेरीत धातूत उष्णता उतरते, आणि भोवतीचा आर्गन वायू हवेला जवळ येऊ देत नाही.

तरीही या कामाचा कस वेल्डिंगच्या ठिणगीत कमी आणि तिच्या आधीच्या तयारीत जास्त लागतो, हे ग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही. चाळीस-पन्नास वर्षे तेल प्यायलेल्या ओतीव धातूच्या सूक्ष्म छिद्रांत ते तेल मुरलेले असते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने बाहेर येऊन सांध्यात फुगे पाडते. त्यामुळे चेंबर आधी रॉकेलने धुऊन, भट्टीत तापवून, बाहेर आलेले तेल पुसून पुन्हा तापवावा लागतो. कॉस्टिक सोड्याने धुण्याचा मोह टाळलेला बरा, कारण तो अॅल्युमिनियमच खातो. भेगेची खरी लांबी पाहण्याची जुनी युक्ती आजही उपयोगी आहे: भेगेवर रॉकेल लावून पृष्ठभाग कोरडा पुसायचा आणि वर खडूची पूड पसरायची, भेगेत राहिलेले रॉकेल पुडीत झिरपून ओली रेघ उमटवते, आणि ती बहुधा डोळ्यांना दिसलेल्या भेगेपेक्षा लांब निघते. त्या रेघेच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडतात, म्हणजे तडा पुढे सरकत नाही, आणि मधला भाग खोल चरासारखा कोरून मगच भरतात. भिंतीचा तुकडाच हरवला असेल तर दुसऱ्या भंगार चेंबरचा तुकडा कापून बसवणे उत्तम, कारण त्याचा मिश्रधातू मूळ चेंबरशी जुळण्याची शक्यता जास्त असते.

उष्णतेने चेंबर वाकू नये म्हणून दोन्ही अर्धे भाग एकमेकांना बोल्टने आवळून, सगळी पेटी सारखी गरम करून काम करतात, आणि ते झाल्यावर ती कोरड्या वाळूत किंवा राखेत सावकाश निवू देतात. एवढे करूनही बेअरिंगची घरे तपासावीच लागतात. त्यांचा मध्य मिलिमीटरच्या काही शतांशांनी जरी सरकला तरी क्रँक जड फिरतो, आणि मग लेथवर घर नव्याने कातून घेण्याखेरीज इलाज नसतो.

सिलिंडरच्या तुटलेल्या पंखांची गोष्ट वेगळी आहे. जावाचा सिलिंडर बिडाचा, आणि बिडाचा तवा हातातून पडला तर वाकत नाही, फुटतो, हे घरोघरी ठाऊक आहे. वेल्डिंगनंतर तो भरभर निवला तर सांध्यालगतचे बीड काचेसारखे ठिसूळ होते, म्हणून तेथे पितळी कांडीने झाळणे अधिक सुरक्षित असते.

सांधा बाहेरून घासून नाहीसा करावा की दिसू द्यावा, याबद्दल शौकिनांत मतभेद आहेत. आतून तो घासण्याची गरज नाही. बाहेरून कानशीने सौम्य करणे पुरेसे, आणि इंजिनाच्या क्रमांकाजवळ तर कोणतेही हत्यार नेऊ नये. जिने चेंबर फोडला ती जुनी साखळी मात्र परत चढवू नये, आणि नव्या साखळीचे लॉक लावताना क्लिपचे बंद टोक साखळी धावते त्या दिशेला ठेवावे.