स्मृतिभ्रंश : वार्धक्य नव्हे, व्याधी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की, वृद्ध माणूस विसरू लागला म्हणजे ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून घरची मंडळी स्वस्थ बसतात. आजाऱ्यांच्या भेटीस घरोघर जाणाऱ्या धर्मगुरूंच्या व धर्मशिक्षकांच्या दृष्टीस हा बदल पुष्कळदा लवकर पडतो. म्हणून ह्या व्याधीचे स्वरूप त्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

स्वरूप : चष्मा कोठे ठेवला हे विसरणे म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. स्मरण, भाषा, निर्णयशक्ती व स्थळकाळाचे भान ह्यांचा ऱ्हास होऊन नित्याचे व्यवहार स्वतःचे स्वतः करणे कठीण होऊ लागते, त्या अवस्थेस स्मृतिभ्रंश म्हणतात. ती अनेक रोगांतून उद्भवते. त्यांपैकी सर्वाधिक आढळणाऱ्या रोगाचे वर्णन जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर ह्यांनी १९०६ साली मांडले. त्यांची रुग्ण स्त्री १९०१ मध्ये रुग्णालयात आली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. केवळ वार्धक्य हे ह्याचे कारण नव्हे, हे त्यावरून दिसते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारानेही स्मृतिभ्रंश होतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठ व त्यापुढील वयाच्या सुमारे ८८ लाख व्यक्तींना, म्हणजे शंभरात सुमारे सात जणांना, ही व्याधी आहे.

निदान : एकाच तपासणीने निदान होत नाही. बदल केव्हा व कसा सुरू झाला, हे डॉक्टर प्रथम घरच्यांना विचारतात. नंतर तारीख व ठिकाण सांगणे, तीन शब्द ध्यानात ठेवणे, आकृती काढणे अशी चाचणी घेतात. १९७५ पासून रूढ असलेली अशी एक चाचणी ३० गुणांची आहे. परंतु निरक्षर माणसाला कमी गुण पडले म्हणून तो रोगी ठरत नाही. त्यासाठी तिचे वेगळे हिंदी रूप १९९५ साली प्रसिद्ध झाले. रक्ततपासणी व मेंदूचे स्कॅन ह्यांचे महत्त्व विशेष आहे. कारण थायरॉइडची न्यूनता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, मार लागून डोक्यात साकळलेले रक्त, तीव्र खिन्नता किंवा काही औषधे ह्यांमुळेही बुद्धी मंदावते, आणि ह्यांवर उपाय आहे. गोंधळ एकदोन दिवसांतच उद्भवला असेल, तर रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे.

उपचार : डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमॅन्टिन ह्या औषधांनी काहींची लक्षणे काही काळ सौम्य होतात, रोग थांबत नाही. लेकॅनेमॅब ह्या औषधास अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळाली. ते अल्झायमरच्या आरंभीच्या अवस्थेत ऱ्हासाचा वेग थोडा कमी करते, परंतु मेंदूस सूज येण्याचा वा रक्तस्रावाचा धोका त्यात आहे. ठराविक दिनक्रम, लहान वाक्ये, वाद न घालणे व सेवा करणाऱ्यास विश्रांती, ही परिचर्या औषधाइतकीच मोलाची होय.

“ते आता ओळखतही नाहीत; येऊन काय उपयोग?” असे घरचे विचारतात. परंतु ज्याला आजचा वार सांगता येत नाही, त्याच्या ओठांवर बालपणी पाठ झालेली प्रभूची प्रार्थना पुष्कळदा येते. पित्याची बुद्धी क्षीण झाली तरी त्याला सांभाळून घ्यावे, अशी शिकवण सिराखच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. तेव्हा आपण प्रथम तपासणीचा आग्रह धरावा, आणि निदान काहीही झाले तरी भेट थांबवू नये.