पेशी वाढल्या, गाठी उतरल्या

आज बीटीके या एन्झाइमच्या ४८१व्या जागेवर होणाऱ्या बदलाबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. सांगलीहून एका वाचकांचं पत्र आलं आहे आणि त्यांना तोवर ताटकळत ठेवणं बरं नाही. त्यांच्या वडिलांना सीएलएल, म्हणजे रक्तातल्या बी-पेशींचा एक कर्करोग, आहे; बीटीके अडवणारी इब्रुटिनिबची गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले. मानेतल्या गाठी हाताला लागेनाशा झाल्या, पण रक्ताच्या रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट (बी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) दुपटीहून जास्त! औषध उलटलं का, असं ते विचारतात.

नाही. गाठी उतरत असताना असं होणं हे बहुतेक वेळा औषध लागू पडल्याचंच लक्षण. या साऱ्या विषयातली माझी सर्वांत आवडती गोष्ट हीच आहे.

सीएलएलच्या पेशी सापडतात रक्तात, पण वाढतात मुख्यतः लसिका गाठींत आणि अस्थिमज्जेत. गाठ ही त्यांची खाणावळ. तिथल्या आधारपेशी सीएक्ससीएल१२ नावाचं रसायन सोडतात, त्याच्या मागावर कर्कपेशी आत शिरते, चिकटते, आणि तिच्या बी-पेशी रिसेप्टरला जगण्याचे, विभागण्याचे संदेश मिळू लागतात. बीटीके हे एन्झाइम दोन्हीकडे लागतं: संदेश पुढे न्यायला आणि पेशीला तिथे टिकवून धरायलाही. या एन्झाइमची गोष्ट जुनी आहे: ऑग्डेन ब्रूटन या डॉक्टरांनी १९५२ साली, वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन नसल्याचं नोंदवलं. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या आजाराचं जनुक १९९३मध्ये सापडलं, ते याच एन्झाइमचं. ते बिघडलं की बी-पेशी जवळपास तयारच होत नाहीत. बी-पेशींच्या कर्करोगात कुठे घाव घालावा, हे त्या मुलाच्या आजाराने दाखवून दिलं.

इब्रुटिनिबने बीटीके बंद पडलं की पेशींची पकड सुटते. त्या रक्तात येतात आणि गाठीत परतू शकत नाहीत. म्हणून गाठी उतरतात, आकडा चढतो. काही महिन्यांत तो खाली येतो. काहींना वर्षाहून अधिक लागतं, आणि त्यांचं पुढे वाईटच होतं असंही नाही.

पूर्वीच्या निकषांत लिम्फोसाइट वाढणं म्हणजे रोग बळावणं असंच धरलं जाई. या गोळ्यांच्या चाचण्यांत ते निकष तसेच लावले असते, तर गुण येत असलेल्या रुग्णांचंच औषध थांबलं असतं. २०१२मध्ये तज्ज्ञांनी स्पष्ट केलं की या औषधांवर केवळ तेवढ्या वाढीला रोग बळावणं म्हणू नये. पीआय३के हे दुसरं एन्झाइम अडवणाऱ्या आयडेलालिसिबनेही हेच घडतं. मात्र हिमोग्लोबिन, प्लेटलेट घटत असतील, गाठी पुन्हा वाढत असतील, ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

रक्तात आलेल्या त्या पेशींचं काय होतं, हे रुग्णांना जड पाणी (जड हायड्रोजन असलेलं पाणी) पाजून मोजलं गेलं आहे. गोळीनंतर नव्या पेशींचा जन्म जवळपास थांबतो आणि मरण्याचा वेग वाढतो. तरी थोड्या उरतातच, म्हणून गोळी वर्षानुवर्षं घ्यावी लागते. त्याच वर्षांत काही रुग्णांच्या कर्कपेशींत बीटीकेच्या ४८१व्या जागेवरचं सिस्टीन बदलतं आणि इब्रुटिनिबला बीटीकेशी कायमचं जोडून घ्यायला जागा उरत नाही. पुढच्या भागात तिथून सुरू करू.